डॉ. ॲना किंग्सफर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या बाई नेमक्या कोण?

डॉ. ॲना किंग्सफर्ड (१८४६–१८८८) या इंग्लंडच्या अगदी सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक. पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेतून त्यांनी १८८० साली पदवी घेतली, आणि तीही एकाही जिवंत प्राण्यावर प्रयोग न करता. झोपेत आणि तंद्रीत त्यांना जे दिसे आणि ऐकू येई, त्याच्या आधारे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा वेगळाच अर्थ मांडला. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या लंडन लॉजच्या, म्हणजे तिथल्या शाखेच्या, त्या अध्यक्ष झाल्या, तिथे मतभेद झाल्यावर त्यांनी स्वतःची हर्मेटिक सोसायटी (हर्मेटिक म्हणजे इजिप्त-ग्रीसच्या प्राचीन गूढविद्येची) काढली, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्याबद्दल लिहिताना बरेच जण आयुष्याचे दोन तुकडे करतात. डॉक्टर किंग्सफर्ड एका बाजूला, गूढवादी किंग्सफर्ड दुसऱ्या बाजूला. मला ही वाटणी चुकीची वाटते. प्राण्यांच्या वेदनेबद्दलची त्यांची असह्य जाणीव हेच दोन्हीचं मूळ आहे. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

जन्म, घर, शिक्षण?

१६ सप्टेंबर १८४६, एसेक्समधलं स्ट्रॅटफर्ड. माहेरचं आडनाव बोनस. वडील जॉन बोनस सधन व्यापारी. बारा भावंडांत ॲना सर्वांत धाकट्या. लहानपणापासून तब्येत नाजूक, पुढे दम्याचा त्रास. लिहिण्याची ओढ मात्र लवकर लागली. आद्य ख्रिस्ती लोकांवरची त्यांची एक कथा १८६३ साली, म्हणजे त्या सोळा-सतरा वर्षांच्या असताना, छापून आली होती.

१८६५ साली वडील वारले आणि त्यांनी मुलीच्या नावे वर्षाला सुमारे ७०० पौंडांचं उत्पन्न ठेवलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही घसघशीत रक्कम होती. पुढचं सगळं, म्हणजे नियतकालिक विकत घेणं, पॅरिसला राहणं, खासगी शिकवण्या लावणं, या पैशामुळे जमलं. त्यांच्या जिद्दीचं कौतुक करताना हे उत्पन्न विसरू नये. तितकीच जिद्द असलेल्या पण हाती पैसा नसलेल्या मुलींची नावं आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत.

नवरा पाद्री, आणि बायको पॅरिसला डॉक्टरकी शिकते. हे कसं जमलं?

१८६७ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या आतेमामे-चुलत नात्यातल्या ॲल्जरनॉन गॉडफ्री किंग्सफर्ड यांच्याशी लग्न केलं. लग्नानंतरही आपलं काम आपण ठरवू, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, ईडिथ. त्याच वर्षी स्त्रियांच्या मताधिकारावरचा त्यांचा निबंधही प्रसिद्ध झाला.

ॲल्जरनॉन अँग्लिकन पंथाचे पाद्री झाले आणि श्रॉपशरमधल्या ॲचम या गावच्या चर्चवर नेमले गेले. ॲना यांनी १८७० साली रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. पाद्र्याची बायको दुसऱ्या पंथात, ही त्या काळी गावभर चर्चेची गोष्ट असणार. तरी नवऱ्याने आडकाठी केली नाही. संसार तुटला नाही, पण तो चारचौघांसारखाही नव्हता. मुलीच्या वाट्याला आई कमी आली, ही या गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

डॉक्टर व्हावं असं त्यांना का वाटलं?

१८७२ साली त्यांनी स्त्रियांसाठीचं एक साप्ताहिक विकत घेतलं आणि स्वतः संपादित केलं. फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेमुळे जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीचा विषय त्यांच्यासमोर आला. प्रयोगशाळांत कुत्रे, ससे, मांजरं यांना बांधून, बहुतेकदा भूल न देता, कापलं जातं हे त्यांना समजलं. साप्ताहिक फार चाललं नाही, पण हा विषय त्यांच्या मनातून कधी गेला नाही. डॉक्टर असलेल्या भावाच्या सल्ल्याने मांसाहार त्यांनी आधीच सोडला होता आणि तब्येतीला त्याचा फायदा जाणवला होता.

त्यांचा हिशेब सरळ होता. बाहेरून कोणी विरोध केला की शास्त्रज्ञ म्हणणार, तुम्हाला शरीरशास्त्रातलं काय कळतं? तेव्हा त्यांच्याच शाळेत शिकायचं, त्यांचीच पदवी घ्यायची, आणि मग बोलायचं.

पॅरिसच का?

१८७४ साली इंग्लंडमध्ये स्त्रीला वैद्यकीय पदवी मिळण्याची वाट जवळजवळ बंद होती. लंडनमध्ये स्त्रियांसाठीचं वैद्यकीय विद्यालय त्याच वर्षी निघालं, पण विद्यार्थिनींना रुग्णालयात प्रत्यक्ष शिकायला मिळालं ते १८७७ पासून. पॅरिसने स्त्रियांना १८६८ पासून प्रवेश दिला होता आणि एलिझाबेथ गॅरेट यांनी १८७० साली तिथली पदवी मिळवलीही होती.

दार उघडं होतं म्हणजे स्वागत होतं असं नाही. शारिते रुग्णालयातला एक प्रसंग त्यांनी नवऱ्याला पत्रातून कळवला आहे. शंभरेक पुरुष विद्यार्थी, त्यांत या एकट्या. वरिष्ठ डॉक्टरांनी सगळ्यांची नावं वहीत लिहिली, यांचं सोडून, आणि वही मिटली. या पुढे झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘आणि मीही, साहेब.’ त्यावर ते गरजले: तुम्ही धड पुरुष नाही, धड बाई नाही, तुमचं नाव मी लिहिणार नाही. सगळा वॉर्ड गप्प. या तिथेच उभ्या राहिल्या.

मला हा प्रसंग त्यांच्या सगळ्या दिव्य दर्शनांपेक्षा जास्त सांगून जातो. दम्याने बेजार झालेली, परक्या भाषेत शिकणारी, घरापासून दूर असलेली ही बाई पुन्हा त्याच दारातून आत गेली.

प्राण्यांवर प्रयोग न करता पदवी मिळाली कशी?

प्रात्यक्षिकांच्या त्या तासांना बसायचं त्यांनी नाकारलं आणि पदरचे पैसे मोजून खासगी शिक्षकांकडून तो भाग शिकून घेतला. शिक्षक मिळणंही सोपं नव्हतं. आवारात शिरलं की कुत्र्यांचे आवाज कानावर येत, आणि त्या आवाजांनी आपली झोप उडते असं त्या लिहीत. २२ जुलै १८८० रोजी त्या उत्तीर्ण झाल्या.

प्रबंधाचा विषय माणसाचा शाकाहार हा होता. दात, जबडा, जठर, आतड्याची लांबी यांची तुलना करून माणसाची ठेवण मांसाहारी प्राण्यांपेक्षा फळं खाणाऱ्या वानरकुळाशी जुळते, असं त्यांनी मांडलं. धान्य-भाजीवर जगून जड अंगमेहनत करणाऱ्या कष्टकऱ्यांचे दाखलेही दिले. १८८१ साली तो प्रबंध इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. आजच्या पोषणशास्त्राच्या कसोटीवर त्यातलं सगळं टिकणार नाही, पण इतक्या नामांकित वैद्यकीय संस्थेने शाकाहाराच्या बाजूचा प्रबंध मान्य करावा याला तेव्हा मोठं वजन होतं.

मराठी वाचक इथे हटकून आनंदीबाई जोशींची आठवण काढतात. आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली १८८६ साली, म्हणजे किंग्सफर्ड यांच्यानंतर सहा वर्षांनी. डॉ. रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या त्याआधीच किंग्सफर्ड वारल्या होत्या.

एडवर्ड मेटलंड कोण? त्यांच्यात काय नातं होतं?

मेटलंड (१८२४–१८९७) हे विधुर कादंबरीकार, ॲना यांच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठे. त्यांचं लिखाण वाचून ॲना यांनीच पत्र पाठवलं आणि १८७४ साली ते श्रॉपशरला त्यांच्या घरी पाहुणे म्हणून आले. ॲल्जरनॉन यांना गाव सोडून पॅरिसला राहणं शक्य नव्हतं, म्हणून सोबतीची जबाबदारी मेटलंड यांनी घेतली आणि ती ॲना यांच्या मरणापर्यंत निभावली. नवऱ्याची याला संमती होती.

लोक बोलले, आजही बोलतात. मेटलंड यांनी हे नातं आध्यात्मिक सहकार्याचं होतं असं शेवटपर्यंत सांगितलं. मला त्यांच्या शब्दावर अविश्वास ठेवावासा वाटत नाही. अडचण वेगळीच आहे: ॲना यांचे शब्द कुठे संपतात आणि मेटलंड यांचे कुठे सुरू होतात, हे ओळखणं कठीण आहे. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात.

त्यांना ‘दर्शनं’ होत म्हणजे काय?

बहुतेक सगळं झोपेत किंवा झोपेच्या उंबरठ्यावर घडे. कधी लांबलचक, सुसंगत स्वप्नं पडत, कधी ग्रंथातली पानं वाचत असल्यासारखी वाक्यं येत. जाग आल्यावर त्या लिहून काढत किंवा तंद्रीत बोलत आणि मेटलंड टिपून घेत. दम्याच्या झटक्यांवर त्या क्लोरोफॉर्म हुंगत असत, आणि काही अनुभव त्या अंमलाखालचे आहेत. आजचा डॉक्टर या नोंदी वाचताना दमा, अपुरी झोप आणि क्लोरोफॉर्म या तिन्हींकडे आधी बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे.

तरी त्यावर थांबलं तर फार काही हाती लागत नाही. क्लोरोफॉर्म अनेकांनी हुंगला, त्यातून अशी मांडणी कोणी उभी केली नाही. प्रेतात्म्यांना बोलावणाऱ्या माध्यमांशी आपली गणना होऊ नये याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. आपल्याला जे कळतं ते बाहेरच्या कुणा आत्म्याकडून नव्हे, आपल्याच आत्म्याच्या पूर्वजन्मींच्या स्मृतीतून येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुनर्जन्मावर त्यांचा पक्का विश्वास होता.

त्यांची शिकवण काय होती?

१८८१ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये निवडक श्रोत्यांपुढे किंग्सफर्ड आणि मेटलंड या दोघांनी व्याख्यानं दिली आणि १८८२ साली ती लेखकांची नावं न देता ग्रंथरूपात आली. सार असं: बायबलमधल्या कथा इतिहास म्हणून वाचू नयेत, त्या प्रत्येक जीवाच्या आत घडणाऱ्या गोष्टी आहेत. आदम आणि हव्वा म्हणजे माणसातलीच दोन अंगं. कुमारी मेरी म्हणजे शुद्ध झालेला जीव, आणि त्या जीवाच्या पोटी जन्मतो तो ख्रिस्त. परमेश्वरात पितृत्व आहे तितकंच मातृत्व आहे. आपल्याकडे रूपकाच्या अंगाने पुराणं सोडवून सांगणारे कीर्तनकार ऐकलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

यात शाकाहार कुठे बसतो? अगदी मध्यावर. मांस आणि मद्य सोडल्याशिवाय शरीर सूक्ष्म ज्ञानाला पात्र होत नाही, आणि मुक्या जीवाच्या यातनेतून मिळवलेलं ज्ञान हे ज्ञान नव्हेच, अशी त्यांची धारणा होती. प्रयोगशाळेशी त्यांचं भांडण म्हणूनच फक्त भूतदयेचं राहत नाही. सत्य कोणत्या मार्गाने मिळवावं, याबद्दलचा तो वाद होता.

थिऑसॉफिकल सोसायटीशी त्यांचा संबंध कसा आला? त्यात मुंबई कुठे येते?

सोसायटीचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यारला जाईपर्यंत सोसायटीचं मुख्य ठाणं मुंबईतच होतं, आणि तिचं मासिक १८७९ च्या ऑक्टोबरपासून तिथूनच निघे. याच मासिकात १८८२ साली टी. सुब्बा राव यांनी किंग्सफर्ड-मेटलंड यांच्या ग्रंथाचं सविस्तर परीक्षण केलं आणि लेखकांनी त्याला उत्तरही दिलं. लंडनमधल्या एका निनावी ख्रिस्ती गूढग्रंथाची चिकित्सा एक वेदान्ती पंडित मुंबईच्या मासिकात करतो, हे मला या सगळ्या कहाणीतलं एक सुंदर वळण वाटतं.

१८८३ च्या जानेवारीत किंग्सफर्ड लंडन लॉजच्या अध्यक्ष झाल्या. थोड्याच महिन्यांत ए. पी. सिनेट हिंदुस्थानातून लंडनला परतले. अलाहाबादच्या ‘पायोनियर’ या वृत्तपत्राचे ते संपादक होते, आणि हिमालयापलीकडच्या महात्म्यांकडून आपल्याला पत्रं येतात असं ते सांगत. सभासदांचा ओढा तिकडे गेला. किंग्सफर्ड यांचा आक्षेप दुहेरी होता. न पाहिलेल्या गुरूंच्या पत्रांवर श्रद्धा ठेवा म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, आणि पाश्चात्त्य माणसाने आधी आपल्या परंपरेतलं, इजिप्त-ग्रीस-ख्रिस्ती धारेतलं, गूढ ज्ञान शोधावं असं त्यांना वाटे. गंमत अशी की महात्म्यांच्या नावाने आलेल्या पत्रात त्यांचीच बाजू घेतली गेली, कारण त्यांचा शाकाहार आणि प्राण्यांसाठीची लढाई.

१८८४ च्या एप्रिलमधल्या निवडणुकीला ऑलकॉट स्वतः हजर होते. अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेलं. किंग्सफर्ड यांनी वेगळी हर्मेटिक सोसायटी स्थापन केली.

हर्मेटिक सोसायटी आणि ‘गोल्डन डॉन’ एकच का?

नाही, पण धागा आहे. हर्मेटिक सोसायटीत दीक्षा, शपथा, गुप्त खुणा असं काही नव्हतं. व्याख्यानं आणि चर्चा. तिथे बोलणाऱ्यांत डॉ. विल्यम विन वेस्टकॉट आणि मॅकग्रेगर मॅदर्स हे दोघे होते. मॅदर्स यांनी १८८७ सालचं कब्बाला या ज्यू गूढविद्येवरचं आपलं पुस्तक किंग्सफर्ड आणि मेटलंड यांना अर्पण केलं. १८८८ साली वेस्टकॉट आणि मॅदर्स यांनी डॉ. वुडमन यांच्यासह गोल्डन डॉन हा विधी करणारा पंथ काढला, आणि त्यात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश दिला. त्या काळच्या इंग्लंडमधल्या फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघात ही कल्पनाही कोणी केली नसती. व्यासपीठावरून अधिकाराने बोलणारी किंग्सफर्ड त्यांनी पाहिली होती, याचा यात वाटा आहे असं मी मानतो.

गूढविद्येत इतके डॉक्टर कसे?

वेस्टकॉट मृत्यूंची सरकारी चौकशी करणारे अधिकारी, वुडमन डॉक्टर, जर्मनीचे फ्रान्झ हार्टमन डॉक्टर, फ्रान्समध्ये ‘पापुस’ या नावाने लिहिणारे जेरार आंकोस हेही डॉक्टर. मोहनिद्रा आणि भूल ही दोन्ही त्या शतकातली नवलाई होती, आणि दोन्हींत शरीर पडलेलं असताना मन कुठे जातं हा प्रश्न समोर उभा राही. शिवाय शरीर म्हणजे निव्वळ यंत्र, हे उत्तर रोज मरण पाहणाऱ्या सगळ्यांनाच पुरत नसे.

त्यांनी खरंच शास्त्रज्ञांना शाप देऊन मारलं का?

नाही. पण त्यांचा स्वतःचा तसा विश्वास होता, आणि म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

मेटलंड यांच्या सांगण्याप्रमाणे, शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या प्रयोगांबद्दल ऐकून संतापलेल्या किंग्सफर्ड यांनी आपली सगळी इच्छाशक्ती त्यांच्यावर रोखली. फेब्रुवारी १८७८ मध्ये बर्नार वारले. दुसरं नाव शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर. नोव्हेंबर १८८६ मध्ये हनोई इथे, फ्रान्सचे तिथले सर्वोच्च अधिकारी असताना, ते आमांशाने गेले. आपण या दोघांना मारलं आणि पुढचा क्रमांक लुई पाश्चर यांचा, असं त्यांनी रोजनिशीत नोंदवलं. पाश्चर १८९५ पर्यंत जगले.

बर्नार कित्येक वर्षं आजारी होते. उष्ण प्रदेशात आमांशाने त्या काळी असंख्य युरोपीय मरत. शापाची गरज कुठेच लागत नाही. प्रश्न त्यांच्या मनाचा आहे. मुंगीचाही जीव घेऊ नये म्हणणारी डॉक्टर माणसाच्या मरणाची इच्छा करते आणि ते घडल्यावर समाधान मानते. मी त्यांच्या बाजूने पुष्कळ लिहितो, इथे मात्र त्यांची बाजू घेता येत नाही. करुणेला जेव्हा कायदा, सभा, लेख यांतून काहीच हाती लागत नाही, तेव्हा तिचं असं विष होऊ शकतं, हे समजतं, पण समर्थनीय ठरत नाही.

मृत्यू कसा झाला?

नोव्हेंबर १८८६ मध्ये पॅरिसला असताना पाश्चर यांच्या प्रयोगशाळेकडे जाताना त्या पावसात भिजल्या. न्यूमोनिया झाला, त्यातून फुप्फुसाचा क्षय बळावला. हवापालटासाठी भूमध्य समुद्राचा रिव्हिएरा किनारा, रोम असं फिरून त्या लंडनला परतल्या आणि २२ फेब्रुवारी १८८८ रोजी केन्सिंग्टनमध्ये त्यांनी देह ठेवला. दफन ॲचमला झालं.

गांधीजींनी त्यांचं वाचलं होतं का?

हो. गांधीजी लंडनला पोहोचले ते त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. शाकाहाराच्या मंडळींत त्यांना किंग्सफर्ड यांचा आहारावरचा ग्रंथ मिळाला, आणि आत्मकथेत त्यांनी त्याचा आवडीने उल्लेख केला आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना मेटलंड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, किंग्सफर्ड-मेटलंड यांचा धर्मविषयक ग्रंथ मेटलंड यांनी गांधीजींना पाठवला. १८९४ साली मेटलंड यांच्या एसॉटेरिक ख्रिश्चन युनियनचे प्रतिनिधी म्हणून गांधीजी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत ही पुस्तकं विकत होते. ख्रिस्ती मित्र धर्मांतराचा आग्रह धरत असताना, ख्रिस्तालाच आतल्या प्रवासाचं नाव देणारी ही मांडणी त्यांना जवळची वाटली असेल तर नवल नाही.

मेटलंड यांनी लिहिलेल्या चरित्रावर किती भरवसा ठेवावा?

दोन खंडांचं ते चरित्र १८९६ साली आलं आणि आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक तिथूनच येतं. शापाची हकीकत, दर्शनं, रोजनिशीतले उतारे, सगळं. मेटलंड यांनी प्रेमाने आणि बारकाईने लिहिलं यात शंका नाही. पण चरित्र पुरं झाल्यावर मूळ रोजनिश्या त्यांनी जाळल्या. मृत्यूनंतरही ॲना आपल्याशी बोलतात असं ते मानत, आणि त्याचाही मजकूर त्यांच्या लेखनात मिसळला आहे.

म्हणून माझा आग्रह असा की सुरुवात किंग्सफर्ड यांच्या स्वतःच्या हातच्या लेखनापासून करावी: वैद्यकीय प्रबंध, प्राण्यांच्या प्रयोगांवरचे लेख, आणि १८८८ साली आलेला स्वप्नांचा संग्रह. त्या संग्रहातली काही स्वप्नं त्यांच्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त जिवंत आहेत. चरित्र त्यानंतर वाचावं, आणि वाचताना प्रत्येक उताऱ्यापाशी विचारावं की हे वाक्य त्यांचं, की त्यांच्यावर जीव असलेल्या माणसाने सात-आठ वर्षांनी आठवून लिहिलेलं.